घरआजोबा अडून बसले

टाळ जरा खाली ठेवा, मंडळी. आणि तो कोपऱ्यातला पंखा कोणीतरी बंद करा, माझं उपरणं सारखं पेटीवर जाऊन बसतंय – दाजींना पट्ट्या दिसेनात! हं. आता बरं. बसलात सगळे? आई पावणाई आज नव्या देवळात आली आहे. तिच्याकडे बघून एकदा हात जोडा, आणि मग कान माझ्याकडे द्या.

काय देऊळ बांधलंत हो! दुपारी वर आलो, तर त्या पांढऱ्या फरशीवर पाय ठेवायला जीव धजेना. चप्पल तर काढलीच होती, वाटलं, पायसुद्धा बाहेर काढून ठेवावेत. आणि पायऱ्यांच्या कडेला ती स्टीलची दांडी बसवलीत ना, ती ज्याच्या डोक्यातून आली त्याचं भलं होवो. माझे गुडघे तिच्याच भरवशावर वर आले. नाहीतर आजचं कीर्तन तुम्हाला खालच्या पायरीवरून ऐकावं लागलं असतं.

तर मंडळी, ऐका. आज मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. अवघड नाही. घरच्या माणसाला आमंत्रण लागतं का?

काय म्हणता? नाही लागत? ते मागचे काका जोरजोरात हात हलवताहेत – नाही म्हणून! काका, तुमच्या घरी अलीकडे लग्न झालं? झालं. मग कोणीतरी रुसलं असेल... बघा, बघा, काकू पदर तोंडाला लावून हसताहेत! कोण रुसलं? आत्या? आणि आत्या कशाला रुसल्या? जेवण वाईट होतं? साडी हलकी होती? छे! त्या म्हणाल्या असतील, मला कोणी ‘ये’ म्हटलंच नाही. आणि तुम्ही काय म्हणालात? अहो, तुम्ही घरच्याच, तुम्हाला काय बोलवायचं! झालं. त्या दिवसापासून आत्या तुमच्या दारावरून जातात आणि आत बघत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, बुवा, आत्यांचा स्वभावच तसा. असेल. मी आत्यांना ओळखत नाही, त्यांची बाजू घेऊन मला काही जास्तीचा लाडू मिळणार नाही. पण जरा वर चला. देव कुठे आहे? सगळीकडे. झाडात आहे, पाण्यात आहे, तुमच्यात आहे, माझ्यात आहे – त्या पंख्याजवळ बसून मोबाईल बघणाऱ्या गृहस्थांमध्येसुद्धा आहे. बरोबर? मग आपल्या सोळा उपचारांच्या पूजेत पहिला उपचार कोणता? सांगा. स्नान? थांबा, देव यायच्या आधीच त्याला आंघोळ घालताय! गंध? फूल? नाही. पहिला उपचार – आवाहन. ‘ये’ म्हणणं! गुरुजी इथे बसलेत, त्यांना विचारा... बघा, मान हलवली. मूर्ती समोर आहे. देव सगळीकडे आहे. तरी पाण्याचा थेंब टाकायच्या आधी म्हणायचं, देवा, ये. जो इथेच बसलाय त्याला ये म्हणायचं! का? त्याला ऐकू येत नाही? त्याला वाट सापडत नाही?

हा ‘का’ मनात ठेवा. हातात धरून बसा पाहिजे तर. आपण उत्तररंगाला, म्हणजे गोष्टीला लागू.

दाजी, जरा सूर द्या. हां.

मंडळी, देव काय फक्त आपल्याकडेच आहेत? अख्खं जग देवांनी, यक्षांनी, जलचरांनी भरलेलं आहे. चीन देशात म्हणे स्वयंपाकघराचा एक देव असतो. वर्ष सरलं की तो वर स्वर्गात जातो आणि घरातली सगळी बित्तंबातमी सांगतो – कोण कोणाला काय बोललं, कोणी कोणाच्या ताटात कमी वाढलं! म्हणून तो निघायच्या आधी घरचे लोक त्याच्या तोंडाला गोड चोपडतात. आता बोल काय बोलायचं ते! हसू नका. आपणही निघालेल्या पाहुण्याच्या हातावर लाडू ठेवतो तो काय उगाच? जपानात नदीत राहणारा एक प्राणी आहे. त्याच्या डोक्यावर वाटीएवढा खळगा, आणि त्या खळग्यात पाणी. सगळी ताकद त्या पाण्यात. पण त्याला तुम्ही वाकून नमस्कार केलात, की तोही वाकतो. वाकला की पाणी सांडतं, ताकद जाते. तरी वाकतोच बरं का! ताकद गेली तरी चालेल, पण नमस्काराला नमस्कार केल्यावाचून राहणार नाही. म्हणजे तिकडच्या पाणभुतालासुद्धा मानपान कळतो. आणि आपण?

आज मी सांगणार आहे ती गोष्ट रशियातली. आता बुवा रशियाला कधी गेले, असं वाटलं ना? बुवा कुठले जातात, बुवांना एसटीतसुद्धा मळमळतं. माझी भाची शाल्मली तिकडे डॉक्टरी शिकायला गेली. एका म्हातारीकडे खोली घेऊन राहायची. थंडी अशी, की दूध बाहेर ठेवलं तर विळीवर चिरावं लागेल. संध्याकाळी म्हातारी चुलीपाशी बसून हिला गोष्टी सांगायची, आणि शाल्मली सुट्टीत आली की त्या मला सांगायची. त्यातली ही एक. तिनं सांगितली त्यात मी माझ्या पदरचा मीठमसाला घातलेला आहे, ते तुम्ही समजून घ्या.

तिकडे प्रत्येक घरात एक घरआजोबा असतो. त्यांच्या भाषेत त्याला जे म्हणतात ते माझ्या जिभेला वळत नाही, पण मायेनं त्याला आजोबाच म्हणतात, तेव्हा आपणही आजोबा म्हणू. उंची एवढीशी, तुमच्या गुडघ्याला लागेल न लागेल. अंगभर मऊ केस. राहतो कुठे? चुलीमागे. आणि चूल म्हणजे आपली तीन दगडांची नव्हे – चांगली खोलीएवढी मातीची भट्टी! तिच्या पोटात पाव भाजायचा आणि तिच्या पाठीवर अंथरूण टाकून झोपायचं. घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाची जागा ती, वरची, उबेची.

हे आजोबा घर राखतात. पीठ फुगवतात, गाईला गोंजारतात, पोर रडायला लागलं की पाळण्याला हळूच झोका देतात. त्यांना फार काही लागत नाही. पावाचा तुकडा, वाटीभर दूध, आणि कोणीतरी आठवण काढलेली. पण त्यांचा एक नियम आहे. घर बदलायचं झालं, तर आजोबा आपणहून उंबरा ओलांडत नाहीत. घरातल्या मोठ्या बाईनं जुन्या चुलीतले निखारे मडक्यात घ्यायचे आणि तोंडानं म्हणायचं – आजोबा, चला आमच्याबरोबर. तसं म्हटलं की ते निखाऱ्यांत येऊन बसतात. नाही म्हटलं, तर तिथेच राहतात. रिकाम्या घरात, थंड चुलीमागे, झुरत.

आलं लक्षात? घर राखणारा देव! भिंतीतून आरपार जाईल. पण बोलावल्याशिवाय यायचा नाही.

तर एका गावात येफिम नावाचा सुतार राहायचा. त्याची आई अगाफ्या, बायको उस्तिन्या, आणि गोठ्यात एक गाय. संपलं कुटुंब. नावं अवघड वाटतात? अहो, ह्या समोर बसलेल्या विश्वंभरपंतांचं नाव तिकडच्या माणसाला म्हणायला सांगा, मग कळेल अवघड काय ते!

घर ओंडक्यांचं, जुनं. अगाफ्या त्या घरात नवी नवरी होऊन आली होती. तिनंच त्या चुलीत पाव भाजले, तिथेच पोर वाढवलं, तिथूनच नवऱ्याला शेवटचा निरोप दिला. पण घराचं छप्पर आता खचलं होतं. मधला वासा असा वाकलेला, की येफिम वर बघायचा आणि मान हलवायचा. यंदाचं पहिलं मोठं बर्फ पडलं, की हा वासा राहत नाही, असं तो म्हणायचा. सुतारच तो, त्याला लाकडाची भाषा कळायची. म्हणून त्यानं ओढ्यापलीकडे नवं घर बांधायला घेतलं. उन्हाळाभर राबला. आणि हिवाळा दाराशी आला तेव्हा घर तयार!

मग हलवाहलव सुरू झाली. बाकं गेली, भांडी गेली, गाय गेली. गाईला चुचकारून नेली, बरं का – चल गं, चल माझी बाय, असं म्हणत. हे लक्षात ठेवा. गाईला ‘चल’ म्हटलं!

आणि अगाफ्या? ती चुलीपाशी बसून होती. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, एवढी चूल विझली की मी येते. ठीक आहे, म्हणून दोघं गेले. संध्याकाळ झाली, अगाफ्या आली नाही. दुसरा दिवस उजाडला, अगाफ्या नाही. येफिम गेला बघायला. तर आई चुलीत काटक्या घालत बसलेली. हा म्हणाला, अजून आवरलं नाही का? ती म्हणाली, आवरते. हा मोठी पेटी खांद्यावर टाकून निघून आला. पुढच्या दिवशी उस्तिन्यानं गरम सूप पाठवलं. येफिमनं ते आईपुढे ठेवलं आणि म्हणाला, बर्फ येईल हं आता. ती म्हणाली, येऊ दे. हा परत आला आणि बायकोपाशी चिडला – आई ना, फार हट्टी आहे!

मला सांगा मंडळी, ‘अजून आवरलं नाही का’ – हे आमंत्रण आहे? ‘बर्फ येईल’ – ही तर आकाशवाणीवरची सूचना झाली! आईला त्यात ‘ये’ कुठे आहे?

पण येफिम वाईट नव्हता हो. ह्या गोष्टीत वाईट कोणीच नाही, म्हणून तर ती मला आवडते. येफिमच्या मनात काय? आईला काय बोलवायचं, घर तिचंच आहे. उस्तिन्याच्या मनात काय? सासूबाई मोठ्या. मोठ्यांना लहानांनी चला म्हणायचं, म्हणजे जसं काही घर माझं आणि त्या पाहुण्या. तसं कसं म्हणू? ती मानापायी गप्प. आणि अगाफ्याच्या मनात काय? चूल नवी, घर नवं, मालकीण नवी. मी कोण तिथली? कोणी म्हटलं तर जाईन. कोणी तरी म्हणेलच. तिघंही एकमेकांची माया सांभाळत गप्प बसलेली, आणि वर आभाळ शिशासारखं होत चाललेलं.

इकडे नव्या घरात काय तऱ्हा! उस्तिन्या चूल पेटवते, तर धूर वर जायचं नाव नाही, सगळा घरात. डोळे लाल, खोकून खोकून हैराण. पीठ मळून ठेवलं, ते फुगेना. पाव भाजला, तर चपटा, पाटा म्हणून वापरावा. गाय दूध चोरायला लागली. घर एवढं सुंदर, आणि आत पाऊल टाकलं की जीव रमेना. उस्तिन्यानं नवऱ्याला विचारलं, आजोबांना कोणी आणलं का हो? येफिम म्हणाला, आई आणेल. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. आईच आली नाही, तर आजोबा कुठून येतील?

पण आई आजोबांना घेऊन का आली नाही? तिला तर रीत ठाऊक होती. सगळ्यांच्या आधी ठाऊक होती. ऐका, गोष्टीचं मूळ इथे आहे.

दिवस कलला होता. उस्तिन्यानं मडकं घेतलं, फडक्यात पाव आणि मीठ बांधलं आणि ओढा ओलांडून जुन्या घराकडे निघाली. दारापाशी पोचली, तर आत कोणीतरी बोलत होतं. सासूबाईंचा आवाज. आणि त्या आवाजाला उत्तर देणारा दुसरा एक आवाज – खरखरीत, निखारा फुटतो ना, तसा. ती दाराशीच थबकली.

आजोबा म्हणत होते, “अगाफ्या, ऊठ. वासा कुरकुरतोय, मला ऐकू येतंय. तू जा. घर तुझंच आहे ते.”

“माझं असतं तर कोणी म्हटलं असतं, ये म्हणून.”

“मग मला तरी घेऊन चल.”

अगाफ्यानं चुलीत एक काटकी सरकवली. मग म्हणाली, “आजोबा, ज्या घरात मलाच कोणी ये म्हटलं नाही, तिथे मी तुम्हाला कुठल्या तोंडानं बोलवू?”

मंडळी, ती म्हातारी हट्टानं बसली नव्हती हो. तिच्याकडे दुसऱ्याला बोलवायचा हक्कच उरला नव्हता. आपण एका माणसाला ‘ये’ म्हणायचं विसरतो, आणि त्याच्यामागे कोण कोण यायचं थांबलेलं असतं, हे आपल्याला कळतसुद्धा नाही.

उस्तिन्या आत गेली. पण सासूकडे बघायचं धाडस होईना. माणसाला कसं असतं बघा, देवापुढे वाकणं सोपं जातं. ती सरळ चुलीपुढे गेली. पाव ठेवला, मीठ ठेवलं, कपाळ जमिनीला टेकवलं आणि अगदी रीतीप्रमाणे म्हणाली, आजोबा, आमच्या नव्या घरी चला. निखारे मडक्यात घेतले. लालबुंद निखारे! मडक्यात पडले आणि – फस्स. काळे. तिनं पुन्हा घेतले. पुन्हा वाकली, पुन्हा म्हणाली. पुन्हा काळे! चुलीमागून फक्त कोणीतरी घसा खाकरला.

आजोबा अडून बसले! का अडून बसले? पाव कमी पडला? मंत्र चुकला? छे, छे. देवाला हाक मारली, आणि देवाच्या शेजारी एक जिवंत माणूस बसलं होतं, त्याला ओलांडून मारली!

उस्तिन्या शहाणी होती. तिला तो खाकरा कळला. तिनं मडकं खाली ठेवलं आणि सासूच्या पुढ्यात बसली. म्हणाली, “आई, तुम्ही चला.”

आता अगाफ्यानं काय म्हणावं? तुम्हीच सांगा. सगळ्या बायका सांगतील... हां! बरोबर! अगाफ्या म्हणाली, “मी काय परकी आहे? मला कशाला बोलावतेस?”

बघा! रशियात काय आणि आपल्याकडे काय! हे ऐकून निम्मी माणसं परत फिरतात. म्हणतात, बरं बाई, मग ये तुझी तू. अहो, तिथे परत नाही फिरायचं. ते ‘कशाला बोलावतेस’ म्हणजे दार आहे. किलकिलं झालेलं. जरा ढकला!

उस्तिन्यानं ढकललं. म्हणाली, “आई, माझी चूल धुरकटते. पाव फुगत नाही. मला एकटीला नाही जमत. आणि तुमची जागा रिकामी आहे.”

“कसली जागा?”

“चुलीवरची. त्यांनी पायरी केली आहे चुलीला. इतकी बुटकी, की मी दोनदा अडखळले. मी म्हटलं, ही एवढी खाली कशाला? तर म्हणाले, आईचा उजवा गुडघा जास्त वाकत नाही. स्वतःचा गुडघा दोरीनं बांधून चढून बघत होते, आई. दुखलं, की पुन्हा पायरी तासायचे. सबंध उन्हाळ्यात घर बांधलं, पण सगळ्यांत जास्त वेळ त्या पायरीला गेला.”

अगाफ्याचा हात गुडघ्यावर गेला. तिला हे काहीच माहीत नव्हतं. नव्या घरात तिनं पाऊलच टाकलं नव्हतं, तर पायरी कशी दिसणार?

“मग त्यानं मला सांगितलं का नाही?” ती म्हणाली.

“त्यांना वाटलं, आईला काय सांगायचं.”

मंडळी, मुलानं लाकडात माया कोरली होती. फक्त ती तोंडानं बोलून दाखवली नव्हती, एवढंच. पण आई ओढ्याच्या अलीकडे बसलेली. तिला लाकूड दिसत नव्हतं. तिला कान होते, आणि कानावर काहीच येत नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर भुरभुर बर्फ सुरू झालं होतं, आणि येफिम धावत आला होता. दारात उभा, खांद्यावर बर्फ, श्वास फुललेला. वाकलेल्या वाशाकडे बघितलं, चुलीपाशी बसलेल्या दोघींकडे बघितलं. फार बोलणारा माणूस नव्हता तो. पण जे इतके दिवस त्याला म्हणायची गरज वाटली नव्हती, ते म्हणाला.

“आई, चल.”

बस्स. एवढंच. गाईला म्हटलं होतं तेच!

अगाफ्या उठली. डोळे पुसले, आणि उठल्या उठल्या काय म्हणाली असेल? सुनेला म्हणाली, “ते मडकं दे इकडे. तुला निखारे धरता येत नाहीत.”

हसा, हसा! सासू ती सासू! पण उस्तिन्याला त्या दिवशी हे बोलणं साखरेहून गोड लागलं असणार. अगाफ्या चुलीपुढे वाकली, निखारे मडक्यात घेतले आणि म्हणाली, “आजोबा, चला. आपल्याला बोलावलंय.”

आणि मंडळी, मडकं जड झालं. हातात झोपलेलं मूल घेतलं की कसं वाटतं, तेवढं जड, तेवढंच उबदार. निखारे काळे पडायचं सोडा, वारं लागेल तसे फुलत गेले. तिघं ओढा ओलांडून आली. अगाफ्यानं उंबऱ्यात उजवं पाऊल टाकलं, नव्या चुलीत निखारे ओतले, वर काटक्या ठेवल्या – आणि धूर सरळ वर! दोरी टांगल्यासारखा! गोठ्यातून गाय हंबरली. मग अगाफ्या ती पायरी चढली. हळूहळू. उजवा पाय ठेवला. दुखला नाही. वर जाऊन आडवी झाली, आणि चुलीमागून एक केसाळ हात आला आणि तिच्या वेणीला हलकेच ओढ दिली. म्हणजे, मीही पोचलो हं.

सकाळी येफिम ओढ्याकाठी गेला, तर जुन्या घराचा वासा मोडून सगळं छप्पर चुलीवर येऊन बसलं होतं. तो बराच वेळ तिथे उभा राहिला. मग घरी आला. घरभर भाजल्या पावाचा वास सुटला होता, आणि आई सुनेला सांगत होती, की तुझं पीठ सैल आहे.

दाजी, एकदा सूर द्या... हं. राहू द्या आता.

मघाचा तो ‘का’ अजून हातात आहे ना? सगळीकडे असलेल्या देवाला ये का म्हणायचं? देवाला वाट सापडावी म्हणून नाही. बोलावल्यावर आपण घरात जागा करतो, म्हणून. आणि दुसरं म्हणजे, ‘ये’ शब्दाची भूक देवालासुद्धा असते. मग माणसाला का नसावी?

आता गोष्ट संपली, आणि तुम्ही प्रसादाकडे बघायला लागलात. पण माझं एक राहिलंय.

दुपारी जेवण झाल्यावर मी जरा पाय मोकळे करायला खाली गेलो. ओढ्याच्या, तुम्ही पऱ्ह्या म्हणता त्याच्या काठी तुमचं जुनं देऊळ आहे ना, तिकडे. म्हटलं, रिकाम्या देवळाला नमस्कार करून यावं. तर अंगणात एक बाई केर काढत होत्या. पाठीत वाकलेल्या, केस कापसासारखे. मी म्हटलं, आजी, देवी तर वर गेली, आता कोणासाठी झाडता? म्हणाल्या, हाताला सवय आहे. नाव विचारलं. तान्हूबाई गुरव. बसलो जरा. कळलं, की ह्या देवीची सांजवात त्यांच्याच हातची. सासूनं त्यांच्या हातात दिली, ती काल संध्याकाळपर्यंत त्यांनी लावली. आता वर विजेचे दिवे आहेत, आपोआप लागतात. चांगले आहेत. मी दिव्यांना नावं ठेवत नाही.

मी विचारलं, वर येऊन गेलात का? तर हसल्या. म्हणाल्या, “जाईन की बुवा. बोलावतील तेव्हा जाईन.”

मी म्हटलं, कोणी बोलावलं नाही? तर मलाच समजावायला लागल्या, “पोरं किती धावपळीत आहेत. एवढं मोठं काम अंगावर. त्यांची काय चूक?”

मंडळी, त्यांनी तुम्हाला दोष दिला असता, तर मी हे बोललो नसतो.

देवस्थानाचे अध्यक्ष, तुम्ही मान खाली घालू नका. मला ठाऊक आहे, तुमच्या मनात काय होतं. तान्हूबाईंना काय बोलवायचं, देवीच्या घरच्याच त्या. हो ना? आणि मी इथे आल्यावर तुमच्या लोकांना विचारलं, पायऱ्यांना ती दांडी कोणाच्या डोक्यातून आली? तर ते म्हणाले, अध्यक्षांच्या. तान्हूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना चढता यावं म्हणून. बघा! बुवा उगाच समजत होते, की आपल्यासाठी बसवली!

दांडी बसवलीत. फार चांगलं केलंत. पण ती खालून दिसत नाही हो. तान्हूबाई पऱ्ह्याच्या पलीकडे आहेत.

म्हणून आज आरती जरा थांबेल. तबक तयार आहे, निरांजन तेवढं त्या येईपर्यंत लावू नका. देवीला घाई नाही. ती तर मला वाटतं, सकाळपासून दाराकडेच बघतेय... उठलात? शाबास! एकटे नका जाऊ, अध्यक्ष, घरच्या बायकांना घेऊन जा. बॅटरी घ्या, उतार निसरडा आहे. आणि तिथे जाऊन भाषण करू नका. त्या म्हणतील, मी काय परकी आहे, मला कशाला बोलवायला आलात? म्हणू द्या. तुम्ही फिरू नका. हसा, आणि पुन्हा एकदा म्हणा – आई, चला.

दाजी, सूर धरा. टाळ उचला सगळ्यांनी. पहिल्या रांगेत जागा करा, भिंतीच्या कडेला, टेकायला बरं पडेल अशी. त्या उंबऱ्यात येईपर्यंत गजर थांबवायचा नाही.